डिस्टिलरीत एफएलपी एलईडी बसवताना: झोनच्या नकाशापासून ग्लँडच्या आट्यापर्यंत

गळीत संपलं की साखर कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल खात्याचं खरं काम सुरू होतं. पुढचा हंगाम सुरू व्हायला जेमतेम सहा महिने, आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्यातले चार पावसात जातात. अशाच एका बंद हंगामात डिस्टिलरी, बायोगॅस आणि साखर भरणी विभागातले जुने १२५ वॉटचे मर्क्युरी वेलग्लास (काचेच्या घुमटातले दिवे) काढून एलईडी बसवायचं ठरलं. एकूण १८६ दिवे. काम वाटलं होतं तेवढं सरळ निघालं नाही. दुसऱ्या कारखान्यातल्या, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या पेंट शॉपमधल्या लोकांनाही उपयोगी पडेल म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहोत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागला. तो वायरमनपासून खरेदी खात्यापर्यंत सगळीकडे होता: "साहेब, एलईडी थंडच असते की. जुन्या एफएलपी बॉडीत नुसता एलईडी बल्ब बसवला तर काय बिघडतंय?" पुष्कळ बिघडतं. एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, आतली आग बाहेरच्या वाफेपर्यंत जाऊ न देणारं फिटिंग. त्याचं प्रमाणपत्र बॉडी, काच, दिवा, चोक किंवा ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा प्रवाह देणारं इलेक्ट्रॉनिक्स) या सगळ्यांचं मिळून असतं. ठरावीक वॉटचा, ठरावीक प्रकारचा दिवा आत ठेवून प्रयोगशाळेत बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान मोजलेलं असतं. आत दुसरं काही बसवलं की ती मोजणी लागू राहत नाही, मग बॉडी कितीही जाड असो.

एलईडी थंड हेही अर्धंच खरं आहे. समोर हात धरला तर ऊब लागत नाही, कारण प्रकाशाबरोबर उष्णता फारशी पुढे येत नाही. ती चिपच्या पाठीमागे निघते आणि बॉडीतूनच बाहेर जाते. बल्बच्या मानेत बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्स बंद काचेच्या घुमटात, वर साठलेल्या गरम हवेत भाजत राहतं. असे बल्ब वर्षभरही टिकले नाहीत तर नवल नाही. म्हणून पहिला निर्णय हा झाला की जुन्या बॉडीचा मोह सोडायचा आणि एलईडी म्हणूनच तपासलेलं पूर्ण फिटिंग घ्यायचं.

कॅटलॉग उघडण्याआधी झोनचा नकाशा काढला. पेट घेणारी वाफ कुठे किती वेळ असू शकते त्यावरून जागेचे झोन पाडतात: झोन ० मध्ये ती सतत, झोन १ मध्ये नेहमीच्या कामात अधूनमधून, झोन २ मध्ये क्वचित आणि थोडाच वेळ. असा नकाशा प्रत्येक डिस्टिलरीत असतो, पण बहुतेक वेळा प्रकल्प उभारणीच्या वेळचा. इथेनॉल मिश्रणाचं धोरण आल्यापासून बऱ्याच डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढली, त्यात पंप सरकले, नवे रिसीव्हर आले, पावसाचा मारा नको म्हणून उघड्या शेडला पत्रे ठोकले गेले. पत्रे ठोकणं म्हणजे झोन बदलणं, ही गोष्ट सिव्हिलच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. वारा खेळता असताना जी जागा झोन २ होती, ती बंदिस्त झाल्यावर तशीच राहील याची खात्री नाही. म्हणून उत्पादन प्रमुख, शिफ्ट केमिस्ट आणि सेफ्टी ऑफिसर यांना बरोबर घेऊन नकाशा हातात धरून सगळीकडे फिरलो आणि लाल पेनने दुरुस्त्या केल्या. त्यावरून सल्लागाराकडून स्फोटक वातावरणातल्या उपकरणांच्या प्रमाणाप्रमाणे, म्हणजे आयएस आयईसी ६००७९ भाग १०-१ प्रमाणे, नवा नकाशा करून घेतला. याला तीन आठवडे गेले, आणि ते गेले याचं समाधान आहे.

इथेनॉलचे काही आकडे पाठ असलेले बरे. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेट घेण्याइतकी वाफ सुटते तो, साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस. कोल्हापुरात थंडीतल्या पहाटेही पारा त्याच्या आसपासच थांबतो, म्हणजे आपल्याकडे सांडलेल्या स्पिरिटवर वर्षभर पेट घेणारी वाफ असते असं धरूनच चालायचं. हवेत सुमारे ३.१ टक्के ते १९ टक्के वाफ असली की ठिणगीला निमित्त पुरतं. वाफ हवेच्या दीडपटीहून थोडी जड, त्यामुळे ती खाली उतरते आणि पंपाच्या खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये, जिन्याखाली साठते. नुसता वर बघून दिवा निवडणाऱ्याच्या हातून ट्रेंचशेजारचं खालचं बल्कहेड (भिंतीवरचा दिवा) आणि त्याचं स्विच हमखास सुटतं. आमच्या जुन्या नकाशात एक साठवण खड्डा रंगवलेलाच नव्हता. आता तो झोन १ आहे.

टाकीच्या आतली वाफेची जागा झोन ०, तिथे कायमचा दिवा नाहीच. व्हेंटभोवती, पंपाच्या सीलजवळ आणि टँकर भरतात तिथे नकाशात झोन १ आला, त्याच्या भोवती झोन २. फर्मेंटेशन विभागात माणसाला मुख्य धोका कार्बन डायऑक्साइडने गुदमरण्याचा. तो वायू पेट घेत नाही, त्याला एफएलपी दिवा हे उत्तरच नाही. तिथे वायुवीजन आणि डिटेक्टर लागतात. हे इथे लिहिण्याचं कारण, एफएलपी दिवे लावले की विभाग सुरक्षित झाला असं कोणी समजू नये.

यानंतर गॅस ग्रुप. वायूची ज्वाला किती सहज लागते आणि किती अरुंद फटीतून निसटते त्यावरून दोन-ए, दोन-बी, दोन-सी असे गट आहेत, दोन-सी सर्वांत कडक. इथेनॉल जुन्या याद्यांत दोन-ए मध्ये सापडतं. आयईसी ६००७९ भाग २०-१ मध्ये ते दोन-बी मध्ये आहे. जुनी यादी धरून कोणी दोन-ए चं फिटिंग देऊ केलं तर घेऊ नका. बायोगॅस विभागात मिथेन आहे, तो दोन-ए मध्ये येतो, पण स्पेंटवॉशपासून (डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून) निघालेल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडही असतो आणि तो दोन-बी मध्ये. बॅटरी रूमचं गणित वेगळं. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो दोन-सी मध्ये येतो, आणि इथेनॉलच्या उलट तो वर जाऊन नेमका छताला, दिव्याच्या भोवतीच जमतो. तिथे दोन-सी चं फिटिंग घेतलं आणि छतालगतचं वायुवीजन सुधारलं. फिटिंग फक्त चार, तरी याच चारांवर सर्वांत जास्त चर्चा झाली.

तापमानाचा वर्ग, म्हणजे टी-क्लास. फिटिंगचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल ते हा वर्ग सांगतो: टी१ म्हणजे ४५० अंश, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १००, टी६ ८५. इथेनॉलला टी२ पुरतं, हायड्रोजन सल्फाइडला टी३ लागतं. आम्ही सगळीकडे किमान टी४ धरलं, म्हणजे टी-क्लासपुरता तरी रात्रपाळीच्या वायरमनने घाईत चुकीच्या जागी चुकीचं फिटिंग लावण्याचा प्रश्न उरत नाही.

विक्रेते मात्र टी६ वर भर देतात. टी६ वाईट नाही, पण तो कोणत्या बाहेरच्या तापमानाला आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पाटीवर बाहेरच्या तापमानाची मर्यादा छापलेली नसेल तर प्रमाणाप्रमाणे ती उणे २० ते अधिक ४० अंश धरायची. डिस्टिलेशन कॉलमच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खाली, एप्रिलमध्ये दुपारी तीनला आम्ही तापमापक लटकवला तेव्हा ४९ अंश दाखवलं. म्हणजे ४० अंशांचं फिटिंग तिथे प्रमाणपत्राच्या बाहेरच गेलं, ते टी६ असलं तरी. एकच फिटिंग ४० अंशांना टी६ आणि ५५ अंशांना टी५ किंवा टी४ असं छापलेलं असू शकतं. म्हणून मागणीत लिहिलं: ५५ अंशांच्या परिसरात टी४ किंवा त्याहून चांगलं. या एका ओळीने आलेल्या कोटेशनांपैकी निम्मी बाजूला पडली.

आता पाटी वाचण्याबद्दल. नमुन्याचं फिटिंग टेबलावर ठेवून भिंगातून वाचलं. इंग्रजी अक्षरांत होतं, त्याचा उच्चार असा: एक्स (Ex, स्फोटक वातावरणासाठीच्या उपकरणाची खूण) डीबी ईबी, आयआयबी (म्हणजेच दोन-बी), टी४, जीबी. त्याखाली उणे २० ते अधिक ५५ अंश, आयपी ६६, प्रमाणपत्र क्रमांक आणि वर्ष. डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ: आत स्फोट झाला तरी ज्वाला सांध्यातून बाहेर येईपर्यंत थंड होऊन विझते. ईबी म्हणजे वाढीव सुरक्षा: आत ठिणगी किंवा जास्त उष्णता होणारच नाही अशी रचना. शेवटचं जीबी म्हणजे झोन १ ला चालणारी संरक्षण पातळी. जीसी असेल तर फक्त झोन २. धुळीच्या पाटीवर शेवटी डीबी येतं, ते वाचताना घोळ होतो. फ्लेमप्रूफचं डी लहान लिपीतलं आणि धुळीच्या पातळीचं डी मोठ्या लिपीतलं, एवढाच फरक. स्टोअरकीपरला हा फरक कागदावर काढून दिला.

प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी एक्स (X) हे एकच अक्षर असेल तर वापराला खास अटी आहेत असं समजायचं, आणि त्या अटी पाटीवर नसतात, प्रमाणपत्राच्या आतल्या पानावर असतात. यू अक्षर असेल तर तो नुसता सुटा भाग आहे, पूर्ण फिटिंग नव्हे. एका कोटेशनसोबत आलेलं प्रमाणपत्र यू निघालं: रिकाम्या बॉडीचं होतं, आत एलईडी कोणी कशी बसवली याचा त्यात पत्ता नव्हता. दुसऱ्या एकाचं प्रमाणपत्र खरं होतं पण ४० वॉटपर्यंतचं, आणि देऊ केलेलं फिटिंग ६० वॉटचं. मॉडेलच्या नावातलं एकेक अक्षर, वॉट, व्होल्टेज आणि परिसराचं तापमान या चारही गोष्टी प्रमाणपत्राशी जुळवल्याशिवाय ऑर्डर सोडायची नाही, हे खरेदी खात्याला लेखी दिलं. आपल्याकडे अशा उपकरणांची चाचणी धनबादच्या सीआयएमएफआरसारख्या प्रयोगशाळेत होते, आणि पेट्रोलियम नियम २००२ खाली मान्यता देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपूरला आहे. चाचणीचा अहवाल आणि पेसोची मान्यता हे दोन वेगळे कागद, एक दाखवून दुसऱ्याचं काम भागत नाही. मान्यतेची मुदतही पाहावी.

आयपी ६६ या आकड्याने फार लोक फसतात. धूळ आत जात नाही आणि पाण्याचा जोरदार फवारा सहन होतो, एवढंच तो सांगतो. स्फोटक वाफेशी त्याचा काही संबंध नाही. रस्त्यावरचा आयपी ६६ फ्लडलाइट टँकर भरण्याच्या जागी लावलेला आम्ही एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे. दिसायला तो दणकट असतो, म्हणूनच कोणी शंका घेत नाही. तसाच २४ व्होल्टच्या हँडलॅम्पचा समज. २४ व्होल्ट शॉकपासून वाचवतो, ठिणगीपासून नाही. इथेनॉलची वाफ पेटायला एक मिलीज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. टाकीच्या मॅनहोलपाशी फक्त त्या झोनसाठी प्रमाणित टॉर्चच न्यायची.

साखर भरणी विभागाला डिस्टिलरीचं फिटिंग तसंच लावता येत नाही. वायूसाठी फ्लेमप्रूफ आहे म्हणजे धुळीलाही चालेल असं नसतं, धुळीचं वेगळं अंकन पाहावं लागतं. ग्रेडर, एलिव्हेटर आणि हॉपरभोवती उडणारी बारीक साखर पेट घेते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे साखर कारखान्यात धुळीच्या स्फोटाने १४ कामगार गेले. गूळ-साखरेच्या या जिल्ह्यात ही घटना प्रत्येक भरणी विभागाला माहीत असायला हवी.

धुळीचं तापमान दोन कसोट्यांवर तपासतात. पृष्ठभाग धुळीच्या ढगाच्या पेट तापमानाच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त तापता कामा नये, आणि ५ मिलिमीटर थराच्या पेट तापमानापेक्षा किमान ७५ अंशांनी कमी राहायला हवा. दोहोंत जो आकडा लहान तो धरायचा. समजा ढगाचं तापमान ३६० आणि थराचं ३०० आलं, तर २४० आणि २२५ मधला २२५ घ्यायचा. हे समजावण्यापुरते आकडे आहेत, प्रत्यक्षात तुमच्याच धुळीचा नमुना तपासून घ्यावा. आम्ही घेतलेल्या फिटिंगवर १०० अंश छापलं होतं, म्हणजे भरपूर राखीव.

तरीही फिटिंगच्या आकाराकडे पाहिलं. एलईडीच्या बॉडीला उष्णता सोडण्यासाठी पंख असतात. पंख आडवे आणि मधे खोलगट असतील तर त्यात साखर बसते, पावसाळी हवेत ओली होऊन चिकटते, हंगामात परत सुकते आणि खडीसाखरेसारखा थर होतो. असा थर म्हणजे बॉडीवर घोंगडीच. आत ड्रायव्हर तापतो, त्याचं आयुष्य घटतं. म्हणून उतरतं डोकं आणि उभे पंख असलेलं फिटिंग निवडलं. सफाई ओल्या कापडाने किंवा धुळीच्या झोनला चालणाऱ्या व्हॅक्यूमने. कॉम्प्रेस्ड हवेने झटकण्याला सक्त मनाई केली, कारण त्याने थराचा ढग होतो. ओल्या कापडाला आणखी एक कारण आहे: प्लॅस्टिकची झाकणं कोरड्या फडक्याने घासली की स्थिर वीज साठते. झोन १ मध्ये दोन-बी ला उघड्या प्लॅस्टिकची मर्यादा १०० चौरस सेंटिमीटर आहे, त्याहून मोठं असेल तर त्याची खास अट प्रमाणपत्रात शोधावी. आम्ही जिथे शक्य तिथे काचच घेतली.

उजेडाचं गणित थोडक्यात. रिसीव्हर हॉल १८ बाय १२ मीटर, म्हणजे २१६ चौरस मीटर. मीटर वाचता यावा, गळती दिसावी म्हणून जमिनीवर १५० लक्स धरले: ३२,४०० ल्युमेन. पाइप आणि टाक्यांत अडकणारा प्रकाश धरून उपयोग ०.५, काचेवर बसणारा थर धरून ०.७. दोन्हींचा गुणाकार ०.३५, त्याने भागलं की सुमारे ९२,६०० ल्युमेन. ४५ वॉटचं फिटिंग सुमारे ४,९५० ल्युमेन देतं, म्हणजे १९. पाचाच्या चार ओळी करून २० लावले. पूर्वी इथे १२ मर्क्युरी होते, चोक धरून प्रत्येकी साधारण १३८ वॉट, एकूण १,६५६. आता ९०० वॉट, आणि पाइपांच्या सावल्या कमी. मर्क्युरीचा मोठा त्रास वेगळाच होता: वीज क्षणभर गेली तरी दिवा परत पेटायला पाच-दहा मिनिटं घेई, आणि तेवढा वेळ माणूस गरम कॉलमच्या मजल्यावर अंधारात उभा. एलईडी लगेच पेटते. एवढ्या एका कारणासाठीही हा खर्च केला असता.

एलईडीचं वैर व्होल्टेजशी. कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर चालतो, कधी महावितरणशी जोडलेला, कधी तुटून एकटा. त्या बदलात झटके येतात. ड्रायव्हर १४० ते ३०० व्होल्टचा घेतला आणि लायटिंग बोर्डात, जो सुरक्षित जागेत आहे, सर्ज प्रोटेक्शन बसवलं. तरी पहिल्याच महिन्यात एका बोर्डावरचे सात ड्रायव्हर एका रात्रीत गेले. फिटिंगला दोष देण्याआधी बोर्ड उघडला: न्यूट्रल लिंकचा स्क्रू ढिला, तांब्याची तार काळी पडलेली. न्यूट्रल सुटला की तीन फेजचे दिवे आपसात व्होल्टेज वाटून घेतात, ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज ४१५ च्या दिशेने चढतो. मर्क्युरीच्या चोकने हे दिवस कदाचित ढकलले असते, ड्रायव्हर ढकलत नाही. सगळ्या बोर्डांतल्या न्यूट्रल पट्ट्या बदलल्या आणि ओव्हरव्होल्टेजला बंद पडणारा रिले घातला. सर्किट तोडताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, म्हणून डबल पोल एमसीबी. एका १० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबीवर दहाच फिटिंग. चालू भार जेमतेम सव्वादोन अँपिअर, पण पेटताना ड्रायव्हर क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात.

आणि आता ग्लँड, म्हणजे केबल फिटिंगमध्ये शिरते तिथे तिला घट्ट धरणारा आट्यांचा जोड. आमच्या मते अर्धी सुरक्षितता इथे ठरते आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. चाळीस हजारांचं फिटिंग असो की दहाचं, साधा कमर्शियल ग्लँड लावला की ते एफएलपी राहत नाही.

केबल ३ कोर २.५ चौरस मिलिमीटर, तांब्याची, आर्मर्ड (तारांचं कवच असलेली), ९० अंश सोसणाऱ्या एक्सएलपीई इन्सुलेशनची. साधी पीव्हीसी ७० अंशांची असते, आणि फिटिंगच्या पाटीवर केबल ९० अंशांची हवी असं छापलं होतं. ग्लँड डबल कॉम्प्रेशन (केबलचं आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही आवरणं धरणारा), पितळी, निकेल मुलामा दिलेला, त्याचंही वेगळं प्रमाणपत्र. आधी व्हर्नियरने केबलचा आतला आणि बाहेरचा व्यास मोजला, मग ग्लँडचा आकार. अंदाजाने घेतलेला मोठा ग्लँड कितीही आवळला तरी रबराची रिंग केबलला धरत नाही.

आट्यांचा घोळ तर बारकाईने पाहण्यासारखा. आपल्याकडे जुन्या फिटिंगांना पाऊण इंची ईटी आटे असत, नव्यांना एम२०. पाऊण इंची आट्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, एम२० चा २० मिलिमीटर. एकाचा पिच १.५९, दुसऱ्याचा १.५. एवढे जवळ की जुना ग्लँड नव्या भोकात सहज फिरत जातो, फक्त जरा डगमगतो. मग हाताशी असलेला टेफ्लॉन टेप गुंडाळला जातो आणि घट्ट बसल्यासारखं वाटतं. त्या मोकळ्या आट्यांतूनच ज्वाला बाहेर येते. किमान पाच पूर्ण आटे बरोबर गुंतले पाहिजेत. स्टोअरमधले सगळे जुने पाऊण इंची ग्लँड त्याच दिवशी उचलून कुलपात ठेवले.

ग्लँड बांधताना होणारी चूक अशी: बाहेरचं आवरण काढलं, आर्मरच्या तारा कोनवर पसरल्या, इथवर ठीक. मग घाईत आतलं आवरणही कोनापाशीच छाटलं जातं. आतली रबरी रिंग त्या गोल आवरणाला धरण्यासाठी असते. ते छाटलं की ती तीन सुट्या तारांवर बसते आणि तारांच्या मधल्या फटी उघड्या राहतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आतलं आवरण रिंगच्या पलीकडे बॉक्समध्ये साधारण १० मिलिमीटर दिसलंच पाहिजे असा नियम केला आणि झाकण लावण्याआधी प्रत्येकाचा फोटो. पहिल्या २० पैकी सहा परत करावे लागले, नंतरच्यांत एखाद-दुसराच.

यातूनच फिटिंगच्या निवडीचा एक निकष पक्का झाला: टर्मिनलचा कप्पा वेगळा आणि वाढीव सुरक्षेचा हवा, फ्लेमप्रूफ कप्पा कारखान्यातून बंद होऊन यावा. तसं असलं की वायरमनला फ्लेमप्रूफ सांध्याला हात लावावाच लागत नाही. शिवाय फ्लेमप्रूफ कप्प्यात थेट साधा रबरी ग्लँड लावायचा तर केबल भरीव, गोल आणि किमान ३ मीटर लांब हवी, नाहीतर राळ भरायचा बॅरियर ग्लँड लागतो. फिटिंगपासून जंक्शन बॉक्सपर्यंतचा तुकडा आपल्याकडे मीटरभराचाच असतो. थोडे पैसे जास्त गेले, पण हा प्रश्नच संपला.

जिथे फ्लेमप्रूफ झाकण उघडावंच लागतं तिथे सांध्यावर हात ठेवण्याआधी तीन गोष्टी: पृष्ठभागावर ओरखडा नको, रंग नको, सिलिकॉनचा चिकटा नको. पावसाचं पाणी येतं म्हणून सांध्यात सीलंट भरणं ही आपल्याकडची सर्रास सवय. तो सांधा हवाबंद करण्यासाठी नसतो, गरम वायू त्यातून थंड होत बाहेर जावा म्हणून असतो. न सुकणारं, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस पातळ लावायचं. झाकण लावल्यावर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवायचा: आमच्या ड्रॉइंगवर कमाल ०.१५ मिलिमीटर होतं, ती पट्टी कुठेही शिरता कामा नये. सगळे बोल्ट हवेत, मूळ दर्जाचेच. आठातला एक नसला तरी फिटिंग बाद. न वापरलेल्या भोकाला प्रमाणित धातूचा प्लग, प्लॅस्टिकची टोपी फक्त वाहतुकीपुरती असते. ब्रॅकेट उद्यमनगरातून करून घेतले, बॉडीला नवीन भोक मात्र एकही पाडलं नाही.

सगळे १८६ दिवे एफएलपी लागले नाहीत, हेही सांगायला हवं. नव्या नकाशाप्रमाणे ९६ डिस्टिलरीला, १२ बायोगॅसला, ४ बॅटरी रूमला, ३४ धुळीचे, आणि उरलेले ४० धोक्याच्या कक्षेबाहेर निघाले. तिथे साधे वेदरप्रूफ लावले. वाचलेल्या पैशांत चांगले ग्लँड आणि सर्ज प्रोटेक्शन बसलं. दर तिसरं फिटिंग सुरक्षित खोलीतल्या यूपीएसवर टाकलं. फिटिंगमधली बॅटरी ४९ अंशांत फार टिकणार नाही म्हणून तो पर्याय घेतला नाही.

तपासणीचं वेळापत्रक आयएस आयईसी ६००७९ भाग १७ वरून केलं. बसवल्यावर पहिली तपासणी सविस्तर, म्हणजे उघडून. नंतर महिन्याला नुसत्या डोळ्यांनी: काच, बोल्ट, ग्लँड, अर्थिंगची पट्टी. सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरला की शिडी लावून जवळून, आणि दहातलं एक उघडून. हातातल्या टॉर्च दरवर्षी. वर्क परमिट आणि गॅस डिटेक्टरचं वाचन असल्याशिवाय झोन १ मध्ये झाकण उघडायचं नाही. प्रत्येक फिटिंगला स्टीलचा टॅग, रजिस्टरमध्ये त्याचा क्रमांक, जागेचा झोन, प्रमाणपत्र आणि ग्लँडचा फोटो.

नदीकाठच्या कारखान्यांसाठी एक वेगळी नोंद. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठावर पुष्कळ यंत्रसामग्री धुऊन, वाळवून परत चालू करावी लागली. आयपी ६६ फिटिंग बुडण्यासाठी नसतं. पाण्याखाली गेलेलं एफएलपी फिटिंग बाहेरून लखलखीत दिसलं तरी आत गाळ, सांध्यावर गंज आणि ड्रायव्हरच्या राळेत ओल असू शकते. ते उत्पादकाकडे किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राकडेच पाठवावं, साइटवर वाळवून लावू नये.

पहिल्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत ९ फिटिंगच्या टर्मिनल कप्प्यात थेंब सापडले. नऊही ठिकाणी केबल वरून सरळ ग्लँडमध्ये उतरत होती. केबलला ग्लँडखाली उतरता वळसा देऊन परत वर घेतलं, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जातं. एकाची काच बारीक तडकली होती, ती काच बदलली नाही, काचेसकट कडीचा पूर्ण संच उत्पादकाकडून मागवला आणि तो येईपर्यंत ती जागा बंद ठेवली. टॅग ५७, रिसीव्हर हॉल, तिसरी ओळ. संच अठरा दिवसांनी आला.